कुमार कादंबरी कुणाच्या हातात द्यायची?

शनिवारी शाळा सकाळची. साडेअकराच्या सुमाराला सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या पायरीवर चपलांचा ढीग पडतो आणि व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटाचं दार करकरतं. चौथी ते आठवीची मुलं येतात. कुणी पुस्तक परत द्यायला, कुणी नवीन न्यायला, कुणी नुसतंच मैत्रिणीच्या सोबतीला. "काकू, ह्यातला दुसरा भाग हाय का?" असं कुणी विचारलं की माझा आठवडा चांगला गेला. "काकू, आईनं परत द्या म्हणून सांगितलंय" असं ऐकलं की त्या पुस्तकाची नोंद काढून मी पुन्हा वाचते, कारण कुठंतरी माझा अंदाज चुकलेला असतो.

मी मुलांसाठी लिहिते, नऊ ते तेरा वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या. स्वतःच्या लिहिण्यापेक्षा दुसऱ्यांच्या वाचण्यात माझा जास्त वेळ जातो आणि तो तसाच जावा असं मला वाटतं. शिक्षक, पालक, गावातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल, नवे लेखक फोन करतात: "मुलांसाठी काहीतरी चांगलं सुचवा ना." 'काहीतरी चांगलं' असं पुस्तक माझ्याकडं नाही. मी उलट विचारते, मूल कोण आहे? कितवीत आहे? मागचं पुस्तक कुठं सोडलं त्यानं? सुचवण्याचं सगळं काम या प्रश्नांपाशी सुरू होतं. पण त्यांची उत्तरं उपयोगी पडायची असतील तर पुस्तकं आधी नीट वाचलेली पाहिजेत. म्हणून आधी वाचण्याबद्दल.

वयाची भानगड

आपल्याकडं तीन वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतचं सगळं 'बालसाहित्य' या एका पाटीत पडतं. वाचनालयात 'बाल विभाग' म्हणून एक कपाट असतं, त्यात सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक आणि दोनशे पानांची कादंबरी खांद्याला खांदा लावून उभी असतात. चौथीतलं पोरगं तिथं गोंधळतं. चार पानांच्या गोष्टी त्याला आता पुरत नाहीत आणि मोठ्यांची कादंबरी अजून झेपत नाही. त्याला हवी असते कुमार कादंबरी. गोष्ट एका बैठकीत संपते, कादंबरी आठ-दहा दिवस उशाशी राहते. काल काय झालं ते आठवायचं, उद्या काय होईल याचा विचार करत झोपायचं, ही सवय या वयात लागते.

पुस्तकावर छापलेल्या वयावर मी विसंबत नाही. एका वर्गातल्या दोन मुलांच्या वाचण्यात तीन-तीन वर्षांचं अंतर असतं. सोपी परीक्षा अशी: मधलं कुठलंही पान उघडून मुलाला मोठ्यानं वाचायला सांगायचं. अडेल त्या शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाच बोटं दुमडली तर ते पुस्तक आत्ता त्यानं एकट्यानं वाचायचं नाही, कुणीतरी त्याला वाचून दाखवायचं. हे मुलाला तसंच सांगावं. "तुला येत नाही" असं म्हणू नये. "हे आपण दोघं मिळून वाचू" म्हणावं.

दोनदा वाचायचं

सुचवायचं पुस्तक मी दोनदा वाचते. पहिल्यांदा झोपाळ्यावर बसून, पेन्सिल न घेता, मूल वाचेल तशी. हाताशी फक्त कागदाच्या बारीक पट्ट्या असतात. वाचताना मन जिथं दुसरीकडं गेलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले, तिथं एक पट्टी घालायची आणि पुढं जायचं. कारण शोधायचं नाही. पुस्तक संपल्यावर कडेनं बघितलं की पट्ट्या कुठं दाटल्यात ते दिसतं. मराठी कुमार कादंबऱ्यांत त्या बहुतेक वेळा पहिल्या वीस पानांत दाटतात. लेखक आधी गाव सांगतो, मग वाडा, मग आजोबा, मग आमराई, आणि पोराच्या आयुष्यात काही घडायला पान पंचवीस उजाडतं. मोठा वाचक धीर धरतो. मूल पान बारावर पुस्तक उपडं ठेवून खेळायला जातं आणि ते तसंच उपडं राहतं.

म्हणून मी एक आकडा हमखास टिपते: गोष्ट कितव्या पानावर सुरू होते. म्हणजे मुलाला काहीतरी हवं आहे आणि ते मिळण्यात अडचण आली आहे, हे कळतं ते पान. चौथ्या-पाचव्या पानावर कळलं तर पुस्तक कुणालाही देता येतं. पंचविसाव्या पानावर कळलं तर ते मुरलेल्या वाचकासाठी ठेवायचं, किंवा पहिली पंचवीस पानं आपण तोंडी सांगून पुस्तक सव्विसाव्यापासून हातात द्यायचं. मी असं पुष्कळदा केलं आहे आणि मुलांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

दुसरं वाचन पेन्सिलीचं. त्यात मी सगळ्यात आधी बघते की संकट सोडवतं कोण. शेवटच्या प्रकरणात जीपमधून फौजदार उतरले किंवा मुख्याध्यापकांनी सगळं निस्तरलं, तर मुलांना फसवल्यासारखं वाटतं. माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित मी सहावीतल्या एका मुलाला वाचायला दिलं होतं. त्यानं वही परत देताना एवढंच विचारलं, "मग त्या पोरानं केलं काय?" मी शेवटची तीन प्रकरणं नव्यानं लिहिली. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला मी त्याचा तो प्रश्न विचारते.

मग संवाद. ते मोठ्यानंच वाचायचे, मनात वाचून कळत नाही. आमच्या भागातलं पोरगं आईला "मला अतिशय आनंद झाला आहे" असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, "आये, लई भारी वाटालंय." सगळी कादंबरी बोलीत असावी असा माझा आग्रह नाही. प्रमाण भाषेतही मूल बोलतंय असं वाटायला लावणारे लेखक आहेत. पण तोंडात न बसणारं वाक्य कागदावर कितीही नेटकं दिसलं तरी मुलाच्या कानाला ते खोटं लागतं.

पुस्तक कशाला हसतं, हे फार बारकाईनं बघावं. जाड मुलगा, बोबडं बोलणारा, काळी मुलगी, घरकाम करणारी बाई यांच्यावर पूर्वी सर्रास विनोद होत. आजही सवयीनं होतात. एका ओळीमुळं मी चांगलं पुस्तक बाद करत नाही, पण ती ओळ कुठल्या पानावर आहे हे मला पाठ पाहिजे. कारण माझ्या पायरीवर बसलेल्या मुलांत एक जण अडखळत बोलतो, आणि ते पुस्तक त्याच्या हातात माझ्याकडून जाणार असतं. मुलींचंही तसंच. पुस्तकात मुलगी आहे का एवढं बघून भागत नाही. तिच्या करण्यानं गोष्ट पुढं सरकते का, ते बघायचं.

आणि मरण. याबाबतीत मी एक मोठी चूक केलेली आहे. एका शाळेच्या कार्यक्रमात मी एक कादंबरी सुचवली तेव्हा ती मी अर्धीच वाचली होती. सुरुवात इतकी देखणी होती की पुढचंही तसंच असणार असं मी धरून चालले. पाचवीतल्या एका मुलीनं ती नेली. पुस्तकातला कुत्रा शेवटाकडं मरतो. त्या मुलीचा कुत्रा तीनच आठवड्यांपूर्वी गेला होता. तिच्या आईचा फोन आला तेव्हा पाठीमागं मुलीचं रडणं मला ऐकू येत होतं. मुलांच्या पुस्तकात मरण नसावं असं मी मुळीच म्हणत नाही. असावं, खरं असावं. पण जो पुस्तक हातात देतो त्याला ते आधी ठाऊक पाहिजे, आणि विचारणाऱ्या मुलाला ते सांगितलं पाहिजे. "ह्यात कुत्रा मरतोय. तरी पाहिजे का?" असं विचारलं की काही मुलं ठेवून देतात, काही मुद्दाम तेच नेतात. अर्धं वाचलेलं पुस्तक तेव्हापासून मी कुणालाही सुचवलेलं नाही.

अनुवादाबद्दल थोडक्यात. बर्फ कधी न पाहिलेलं पोरगं बर्फ मान्य करतं, न खाल्लेला पदार्थही मान्य करतं. परक्या गोष्टींना मुलं अडत नाहीत, डोक्यावर उभ्या केलेल्या वाक्यांना अडतात. पहिलं पान मोठ्यानं वाचून श्वास कुठं तुटतो ते बघा. दोनदा तुटला तर तो अनुवाद बाजूला ठेवा आणि त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद मिळतो का ते शोधा.

वहीचं एक पान

नोंदीसाठी दोनशे पानी वही. डाव्या पानावर माझी नोंद, उजवं पान मुलांसाठी कोरं. एका कादंबरीचं पान इथं जसंच्या तसं उतरवते. नदीकाठच्या गावातली मुलगी आजोबांची जुनी नाव पुन्हा पाण्यात घालते, अशी ती गोष्ट आहे.

डावीकडं माझ्या अक्षरात: "पानं १२०. टाइप मोठा. सुरू, पान ६. पट्ट्या ३१, ३२, ७०. आजोबा आजारी पडतात, मरत नाहीत (विचारलं तर सांगायचं). सोडवतं कोण: मुलगी आणि भाऊ. खटकलं: पान ५४, मोलकरणीचा रंग. मोठ्यानं वाचायला पान १७, दोर सुटतो तिथपर्यंत. कुणाला: हातानं काहीतरी करत बसणाऱ्या मुलांना. एकट्या मुलांनाही."

उजवीकडं वेगवेगळ्या अक्षरांत: "भाऊ उगीच शहाणा दाखवलाय." "मी पान ७० ला झोपलो." "नावेला डांबर लावतात ते खरं आहे, आमच्या काकांनी सांगितलं." "दुसरा भाग काढा."

सत्तराव्या पानावर माझीही पट्टी होती. असं जुळलं की आपलं वाचन मुलांच्या जवळपास आहे याची खात्री पटते. आणि जिथं जुळत नाही तिथं जास्त शिकायला मिळतं. 'हातानं काहीतरी करत बसणाऱ्या मुलांना' हे मात्र मला पहिल्या वाचनात सुचलं नव्हतं. डांबराची ओळ लिहिणाऱ्या मुलानं ते माझ्या लक्षात आणून दिलं, मग मी डावीकडं भर घातली.

पुराचं पुस्तक

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. सांगलीतल्या मुलांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर घरात पहिला प्रश्न 'आज किती फूट?' हाच असतो. विश्रामबाग वाचली, पण नदीकडच्या जुन्या वस्तीत, गावभागातल्या घरांत पाणी शिरलं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर गावभागातला सहावीतला एक मुलगा आला. त्याच्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढलं होतं. माझ्या कपाटात एक कादंबरी होती, गावाला पूर येतो आणि एक मुलगा आपलं वासरू वाचवतो. मला वाटलं, याला धीर येईल. मी ती त्याला दिली. तो पुढच्या शनिवारी येणार होता, तो सोमवारीच आला. पुस्तक पायरीवर ठेवलं आणि म्हणाला, "काकू, ह्यात पाणी लई लवकर उतरलंय."

मग तो बोलत बसला. पाणी उतरताना इंचा-इंचानं उतरतं. भिंतीवर रेघ राहते. घरात शिरल्यावर पहिल्यांदा वास येतो, आणि तो वास पुस्तकात कुठंच नाही. आई आठ दिवस फक्त चिखल धूत होती. ताईची सर्टिफिकेटं त्यांनी दोरीवर चिमट्यानं वाळत घातली होती, ती वाळली पण शाई गेली. "वासरू वाचलं म्हणून सगळं बरं झालं असं लिहिलंय. तसं नसतंय."

विषय जुळला की पुस्तक जुळलं, असा माझा समज होता. आईवेगळ्या मुलाला आईवेगळ्या मुलाची गोष्ट, पूर पाहिलेल्याला पुराची. त्या दिवशी मला कळलं की ज्या विषयातून मूल गेलेलं असतं त्या विषयात ते लेखकापेक्षा जाणकार असतं. अशा मुलापुढं पुस्तक टिकेल का, हे आधी तपासावं. खात्री नसेल तर दुसऱ्याच दिशेचं द्यावं. त्याला मी एक हसवणारी रहस्यकथा दिली. त्या महिन्यात त्यानं तीन नेल्या.

तोंडानं सांगायचं ते कसं

मुलाशी बोलताना 'छान आहे', 'गाजलेलं आहे', 'बक्षीस मिळालंय' हे शब्द मी वापरत नाही. त्यांचा उपयोग होत नाही. आधी तीन गोष्टी विचारते. शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण केलंस? कुठलं मध्येच सोडलंस आणि का? घरी मोकळा वेळ असला की काय करतोस? तिसऱ्या प्रश्नाला मोबाइल असं उत्तर आलं तर मोबाइलवर काय बघतोस ते विचारायचं. क्रिकेट बघणारा वेगळा, भुताच्या गोष्टी ऐकणारा वेगळा, ट्रक दुरुस्तीचे व्हिडिओ बघणारा आणखी वेगळा.

मग कपाटातून तीन पुस्तकं काढून पायरीवर मांडते. एक काढलं तर मूल माझं मन राखायला ते नेतं आणि वाचत नाही. दहा काढली तर गोंधळतं. तीन बरोबर. त्यातलं एक त्याच्या आवडीचं, एक त्याच्या जवळपासचं आणि एक अगदी वेगळं. निवड त्याची.

प्रत्येक पुस्तक तीन वाक्यांत सांगायचं. कोण, कुठं, आणि कशात अडकला. चौथं वाक्य बोलायचं नाही. उदाहरणार्थ, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. मी सांगते, "फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याला विद्याभवन शाळेत शिकायला येतो. अंगानं काडी, पण सायकलवर बसला की कुणाला सापडत नाही. आणि जिथं काहीतरी काळंबेरं चाललंय तिथंच हा नेमका जाऊन पोचतो, ट्टॉक!" एवढं पुरतं. ती पुस्तकं जुन्या काळातली आहेत हे मात्र आधी सांगावं, म्हणजे मुलं 'ह्यांच्याकडं मोबाइल का नाही' इथं अडत नाहीत. "आजोबांच्या लहानपणचं पुणं" म्हटलं की त्यांना तेवढं बस्स होतं. उलट आजोबांना जाऊन विचारतात.

वर्गात पन्नास मुलांसमोर सांगायचं असेल तर सांगण्यापेक्षा वाचावं. एक उतारा, पाच ते सात मिनिटांचा. तो प्रकरणाच्या शेवटी थांबवू नये, तिथं गोष्ट विसावा घेते. दाराच्या कडीला हात लागला आहे, आतून कुणीतरी खाकरलं आहे, अशा वाक्यापाशी पुस्तक मिटायचं आणि खरोखर पिशवीत टाकायचं. आणि एकच प्रत नेऊ नये. मी एकदा एकच नेली होती, तिच्यावरून दोन मुलींचं भांडण झालं आणि मुखपृष्ठ फाटलं.

जोड्या अनपेक्षित जुळतात. 'तोत्तोचान' हे तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणाच्या आठवणींचं पुस्तक आहे, कादंबरी नव्हे, पण या वयाची मुलं ते कादंबरीसारखंच वाचतात. टोकियोतली तोमोए ही शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरायची. मिरज हे मोठं जंक्शन, तिथली काही मुलं रेल्वे क्वार्टर्समधून येतात. त्यांतल्या एकाला मी फक्त "डब्यात वर्ग भरतो" एवढंच सांगितलं. त्याला अभ्यासाचा कंटाळा आणि पुस्तकाचा त्याहून जास्त. त्यानं ते दहा दिवसांत वाचलं, आणि आल्या-आल्या विचारलं, "ही शाळा अजून हाय का?" मी सांगितलं, युद्धात बॉम्ब पडून जळाली, १९४५ मध्ये. तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी मोठ्यांनी गप्प राहावं.

सोडायची मुभा द्यायची. तीस पानं वाचून आवडलं नाही तर परत आण, मी रागावणार नाही, हे पुस्तक देतानाच सांगायचं. फक्त कुठं सोडलं तेवढं सांगायचं, वहीसाठी. परत आलेल्या मुलाला "काय शिकलास?" हा प्रश्न विचारू नका. तो विचारला की पुस्तक धड्यासारखं होतं, आणि पुढच्या वेळी मूल उत्तर पाठ करून येतं. "कुणाचा राग आला?" असं विचारून बघा. मुलं तासभर बोलतात.

मोठी माणसं

पालकांशी वेगळं बोलावं लागतं. त्यांना काळजी असते, आणि ती खरी असते. पुष्कळ आया येतात आणि "श्यामची आई द्या" म्हणतात, मुलगा चौथीत असो की आठवीत. मी देते, पण देताना एक गोष्ट सांगते. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा ४२. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे ते ऐकायचं पुस्तक आहे. तुम्ही रोज झोपताना एक रात्र मोठ्यानं वाचा, मुलाला एकट्याला वाचायला देऊ नका. ज्या घरांत असं वाचलं गेलं तिथून पुस्तक दोन-दोन महिने परत येत नाही, आणि आईच येऊन सांगते की अमुक रात्री मला पुढं वाचवेना, मग त्यानं वाचलं.

"पण ह्यातून काय शिकायला मिळेल?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते. तुमचं मूल सलग वीस मिनिटं एका जागी बसून दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यात राहील. मला एवढंच खात्रीनं सांगता येतं.

शिक्षकांना मी प्रकरणाची लांबी सांगते. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी जाऊन पंधरा मिनिटं वाचायला मिळाली तर नशीब. म्हणून सात-आठ पानांची प्रकरणं असलेली कादंबरी निवडावी आणि रोज एक वाचावं. १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. त्या एका दिवशी शंभर पुस्तकं मांडण्यापेक्षा एक कादंबरी त्या दिवशी सुरू करावी, ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरवावी.

ऊसतोडीच्या मुलांचं गणित निराळं आहे. दिवाळीच्या आसपास बीडकडून टोळ्या येतात, उन्हाळा लागता लागता परत जातात. वाळवा-पलूस भागात उसाच्या फडाजवळ ही मुलं भेटतात. त्यांच्यासाठी मी साठ-सत्तर पानांच्या, सुट्या सुट्या प्रसंगांच्या कादंबऱ्या वेगळ्या काढून ठेवते. मध्ये दहा दिवस वाचायला जमलं नाही तरी धागा तुटत नाही. आणि ही पुस्तकं परत मागत नाही. एक मुलगी टोळीबरोबर परत जाताना पुस्तक बोचक्यात, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. ते तिच्याकडंच असावं.

गावच्या वाचनालयांना यादी द्यायची असते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 'ड' वर्गातल्या वाचनालयाचा खरेदीचा पैसा अगदी मोजका असतो. त्यांना शंभर नावांची यादी दिली तर ती फायलीत जाते. पंधरा नावं द्या. प्रत्येकापुढं लेखक, प्रकाशन, पानं, किंमत, कितवीसाठी आणि एक ओळ. मालिकेतलं पहिलं पुस्तक असेल तर दुसरंही त्याच यादीत हवं, कारण पहिलं आवडलेलं मूल आठ दिवसांत दुसरं मागायला येतं, आणि तेव्हा ते नसलं की पुन्हा फिरकत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर स्वतःचं पुस्तक यादीत घालू नका. मुलं विचारतील तेव्हा द्या. मित्राचं पुस्तक सुचवत असाल तर तो मित्र आहे हे सांगा. जे आवडलं नाही त्याबद्दल चारचौघांत बोलू नका, लेखकाला फोन करा आणि पान नंबर सांगा. मला असे फोन येतात, पोटात गोळा येतो, पण पुढच्या आवृत्तीत ती पानं सुधारतात.

पुस्तकं मिळवायची कुठून? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. या वयाच्या मुलांसाठी लिहिणारे बरेच लेखक तिथं पहिल्यांदा भेटतात. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते, ती यादी हाताशी ठेवावी, पण त्यात कवितासंग्रह आणि लेखही असतात हे लक्षात ठेवून. आणि वर्षातून एकदा भिलारला जावं. पाचगणीहून महाबळेश्वरकडं जाताना आत वळलं की स्ट्रॉबेरीच्या मळ्यांचं हे गाव, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालेलं. घराघरांत, देवळांत पुस्तकं ठेवलीत, हव्या तितक्या वेळ बसून वाचता येतात. मी सकाळी वही घेऊन जाते. दिवसात चार कादंबऱ्यांचं पहिलं वाचन होतं, आणि कुठल्या विकत घ्यायच्या ते तिथंच ठरतं. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना मोकळं सोडा आणि कुठलं पुस्तक उचलतात, किती पानांनंतर ठेवतात ते लांबून बघा.

कपाटाबद्दल एक शेवटचं. पुस्तकांना खाकी कव्हर घालू नका, मुलं चित्र बघून निवडतात. पारदर्शक प्लॅस्टिक घाला. दंड ठेवू नका. आणि जूनमध्ये सगळी पुस्तकं खाली काढून कणा तपासा. ज्याचा कणा सेलोटेपनं तीनदा चिकटवावा लागला आहे त्याची दुसरी प्रत मागवायची. जे वर्षभर कपाटातून निघालं नाही ते एकदा स्वतः मोठ्यानं वाचून बघायचं. यंदा माझ्याकडं अशी चिकटवलेली चार निघाली आणि न निघालेली सहा. सहातल्या एकाचं पान १७ मी येत्या शनिवारी पायरीवर वाचणार आहे.